सत्ताविसावा कप्पा

शाळेच्या शिपाई मावशींकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं, ते त्यांनी नववीतल्या एका मुलीचा फोन हातात घेतला आणि तसाच परत केला तेव्हा.

"हा नको. दुसरा दे," त्या म्हणाल्या.

"दुसरा कुठला? माझ्याकडे एकच आहे."

"हा थंडगार आहे गं. घरातून निघाल्यापासून इथे येईपर्यंत तू फोनला हात लावला नाहीस? तू?"

रांगेतली मुलं हसली. मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा छताकडे पाहिलं आणि मोज्यातून दुसरा फोन काढून दिला. तो चांगला कोमट असणार, कारण मावशींनी लगेच पिशवीत घातला, बिल्ला दिला आणि म्हणाल्या, "पुढे." ना आरडाओरडा, ना उपदेश. तोपर्यंत माझी शिकवण्यात एकतीस वर्षं गेली होती, पण रांग न थांबवता अशी लबाडी पकडणं मला कधी जमलं नव्हतं.

वर्गात फोन नको, पण येताजाता मुलांजवळ असावा असा पालकांचा आग्रह होता. म्हणून मुख्याध्यापिकांनी फोन ठेवायला एक जुनं कपाट काढलं. पूर्वी त्यात प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे असत. सुताराने त्याला चारशेवर कप्पे पाडून दिले. सभागृहाच्या जुन्या पडद्यांच्या पिशव्या मावशींनीच शिवल्या आणि प्रत्येकीवर रंगाने आकडा घातला. सकाळी फोन पिशवीत, पिशवी कप्प्यात, मुलाच्या हातात बिल्ला. शाळा सुटली की उलट. सकाळी चाळीस मिनिटं, दुपारी पंचवीस. मधल्या वेळात घंटा, टपाल, आमचा चहा आणि कोणी ओकलं तर भुसा टाकणं. मावशी बारा वर्षं आमच्या शाळेत होत्या. नवरा कामासाठी परगावी गेला तो तिकडचाच झाला. शाळेमागच्या गल्लीत दोन खोल्या आणि एक लेक, एवढा त्यांचा संसार. लेक माझ्याच वर्गात, दहावी ब मध्ये होती.

फोन हातात घेऊन त्याची ऊब बघायची त्यांची रीत शाळाभर झाली आणि मुलांनी त्यांचं नाव थर्मामीटर ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं. "ठेवू देत. झाडू ठेवलं नाही हेच खूप," असं त्या म्हणत.

फोन बंद करून द्यायचा असा नियम होता. तो कोणीच पाळत नसे. आवाज तेवढा बंद करत. त्यामुळे कपाट दिवसभर गुरगुरत राही. इकडे एक थरथरला, तिकडे दोन. मावशी त्याच्या शेजारी स्टुलावर बसत आणि संध्याकाळी म्हणत, "बाई, घरी गेल्यावरसुद्धा कानात भुंगे असतात." मग हळूच, जरा कौतुकाने, "एक कप्पा मात्र कधी वाजत नाही. सत्ताविसावा. आमच्या घरच्या बाईसाहेबांचा. चारशे फोनांत एक शहाणा आहे."

मला ते आवडलं होतं. मी ते लक्षात ठेवलं.

थंड फोन देणारी मुलं त्यांना रोज सापडत. त्या दुसरा मागून घेत आणि विषय संपवत. पण एकदा संस्थेच्या एका सभासदांना जिन्यात एक मुलगा फोनवर खेळताना दिसला आणि मुख्याध्यापिकांनी मावशींना बोलावून घेतलं. आठवडाभरात थंड फोन कोणी कोणी दिले, त्यांचे आकडे लिहून द्या म्हणाल्या. मावशींनी लिहून दिले. आकड्यांना नावं नसतात, असं त्यांना वाटलं असेल. नऊ आकड्यांपैकी आठ दहावी ब चे निघाले. पालक आले, मुलं रडली, फोन आठवडाभर जप्त झाले.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी राहून म्हणाले, "निदान मावशींच्या मुलीकडून तरी शिका. दिवसभरात तिचा फोन एकदा तरी वाजतो का?"

ती बाकाकडे बघत राहिली. मला वाटलं, लाजली.

त्यानंतर दीड-दोन महिन्यांत तिच्या बोटांना पट्ट्या दिसू लागल्या. आज दोन, उद्या तीन. नखांच्या कडेची कातडी ती सोलत असे. सकाळच्या पहिल्या तासाला पोट दुखतं म्हणून डोकं खाली घालून बसे. दहावीचं वर्ष आहे, होतं असं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग एका मधल्या सुट्टीत मावशी चहाचा ट्रे ठेवून तिथेच उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही सांगा तिला. घरात पाऊल टाकलं की भिंतीकडे तोंड आणि हातात फोन. हाक मारली की हं. जेव म्हटलं की हं. घर पेटलंय म्हटलं तरी हं म्हणेल."

"काय बघते?"

"गालिचे. लोक गालिचे धुतात ते. तासन् तास. मी दिवसभर फरशी पुसते ती कधी बघितली नाही हिने."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

"काल काढून घेतला फोन आणि लोखंडी कपाटात ठेवला, शाळेपुरताच देणार. म्हटलं, आता आकाशपाताळ एक करेल. तर एक शब्द नाही. बसून राहिली बोटं सोलत. भांडली असती तर बरं वाटलं असतं हो."

परीक्षा झाली की सगळं ताळ्यावर येईल, असं काहीतरी मी बोलले. माझ्या हातात तपासायच्या वह्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात, माझा तास नव्हता तेव्हा, मी कपाटाजवळून जात होते. मावशींनी बोटाने खूण करून बोलावलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आम्ही दोघी उभ्या राहिलो. थोड्या वेळाने पहिली ओळ, दहावी ब ची, एकदम गुरगुरली, पस्तीस फोन एका दमात. मग शांत. मग पुन्हा.

"सकाळपासून असंच चाललंय. तुमच्या वर्गातला एक जण तापाने घरी आहे ना? त्याचंच काहीतरी असणार."

"वर्गाचा ग्रुप असेल त्यांचा. सगळ्यांना एकदम जातं."

मावशींनी सत्ताविसाव्या कप्प्यात हात घातला आणि तळवा पिशवीवर ठेवून थांबल्या. ओळ पुन्हा गुरगुरली. त्यांनी पिशवी बाहेर काढली. मुलांच्या फोनकडे त्या कधी बघत नसत, तो त्यांचा नेम होता. आज पिशवीचं तोंड उघडून बघितलं. फोन चालू होता. त्यांनी तो परत ठेवला.

"सगळ्यांना एकदम जातं म्हणालात," त्या म्हणाल्या. "मग ही वर्गात नाही?"

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं. रिकाम्या वर्गात ती दाराजवळच्या बाकावर बसली, केव्हाही उठता येईल अशी.

"कधी काढलं तुला ग्रुपमधून?"

"त्या आठ जणांच्या वेळी. म्हणाले, घरी जाऊन सगळं सांगते ही. छोटी थर्मामीटर म्हणतात. तोवर मी फोन बंद करून द्यायचे. आता वाजतच नाही, तर बंद कशाला करू?"

"तू सांगितलंस?"

"मला माहीतच नव्हतं, बाई. आईने मलाही सांगितलं नव्हतं."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"ती काय करणार? यादी परत घेणार?" ती बोटाच्या पट्टीचं टोक उचलत होती. "आणि त्या दिवशी तुम्ही वर्गात बोललात ना. त्याच्या आधी निम्मेजण तरी बोलायचे माझ्याशी."

तिने ते वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मग मी गालिच्यांचं विचारलं.

"त्यात कोणी बोलत नाही," ती म्हणाली. "घाण असते आणि ती जाते. बास."

दुसऱ्या दिवशी मी वर्गाची आणि तिची माफी मागितली. मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मोठी माणसं चुकली हे कबूल करतात तेव्हा मुलांना काय करावं ते कळत नाही, म्हणून ती चांगली वागतात. दोन मुलींनी तिला ग्रुपमध्ये परत घेतलं. बाकीच्यांनी काहीच केलं नाही. वाईट मुलं नव्हती ती. त्यांच्याही मागे परीक्षा होत्या, घरी बोलणी होती आणि कोणावर तरी राग काढायला हवा होता.

मी सगळं सांगितल्यावर मावशी मात्र त्याच दिवशी मुख्याध्यापिकांकडे गेल्या. मी तिथेच हजेरीपत्रक भरत होते.

"मॅडम, कपाट दुसऱ्या कोणाला तरी द्या."

"अहो मावशी, तुमच्याइतका विश्वासाचा माणूस मी कुठून आणू?"

"विश्वासाची आहे म्हणूनच पोरीला भोवलंय."

मुख्याध्यापिकांनी कामवाटपाचा कागद पुढे ओढला. "जागा फक्त प्राथमिक विभागात आहे. सकाळी साडेसहाला यावं लागतं. बारा खोल्यांचा केर, वर लहान मुलांची शी-शू. तुमचे गुडघे…"

"चालेल," मावशी म्हणाल्या.

मी त्यांना म्हटलं, की वर्ष संपायला तीन महिनेच राहिलेत, इतक्यात काही फरक पडेलच असं नाही. "नाही पडला तर नाही पडला," त्या म्हणाल्या. "निदान सकाळी तिचा फोन माझ्या हातात नको."

घरी त्यांनी लोखंडी कपाट उघडून फोन लेकीला देऊन टाकला. काही अट घातली नाही. संध्याकाळी कामं उरकली की तिच्याशेजारी पाय पसरून बसू लागल्या आणि त्याही गालिचे बघू लागल्या. चौथ्या की पाचव्या दिवशी म्हणाल्या, "हा माणूस नुसता साबण वाया घालवतोय. मी असते तर याच्या निम्म्या वेळात धुतला असता." लेक हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा, असं त्यांनी मला मोजून सांगितलं. मग एक दिवस पोटदुखीचं बोलली, एक दिवस ग्रुपचं. सगळं कधीच एकदम बोलली नाही. बोटं बरी झाली, परीक्षेच्या आधी पुन्हा सोलली गेली, पुन्हा बरी झाली. सगळं छान झालं असं लिहायला मला आवडलं असतं. झालं ते एवढंच.

ती दहावी दुसऱ्या श्रेणीत पास झाली. पुढे वर्गातलं कोणीच नसलेल्या कॉलेजात गेली. मी त्याच वर्षी निवृत्त झाले. मावशी आणि मी आता एकाच वाण्याकडे जातो, तिथे भेट होते. त्यांची नोकरी दोन वर्षं राहिली आहे. डाव्या गुडघ्याला पट्टा बांधून त्या साडेसहाला प्राथमिक शाळेचं फाटक उघडतात. लेक दुसऱ्या गावी रक्ततपासणीचं शिक्षण घेते, वसतिगृहात राहते. एका आड एक रविवारी ती घरी येते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाते.