लतीफभाईंचा न थांबणारा धोटा

लतीफभाईंना हळू बोलता येत नाही. चाळीस वर्षं भिवंडीत कापड विणायच्या लूमवर काढलेला माणूस, खडखडाटावर आवाज चढवूनच बोलणार. टेमघरला माझ्या घरी ते विज्ञान शिकायला येऊ लागले आणि समोरच्या इमारतीतल्या बायकांना न्यूटनचे नियम पाठ झाले. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण न्यूटनचा एवढा गाजावाजा कधी झाला नव्हता.

शिकण्याचं कारण साधं होतं. लतीफभाई लूम दुरुस्त करणारे जॉबर, आणि त्यांच्या हातचे जुने लूम एकेक करून भंगारात चालले होते. एका प्रशिक्षण केंद्राला हे काम शिकवायला माणूस हवा होता, पण दहावी पास. लतीफभाईंचं शिक्षण आठवीत अडलेलं. पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी बाहेरून फॉर्म भरला आणि दर शुक्रवारी, लूमच्या सुट्टीला, नमाज आटोपून माझ्या दारात हजर!

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "हलणारी वस्तू आपणहून थांबत नाही. थांबवायला बल लागतं."

"ये तो मालूम हाय, बाई!" ते गरजले. "धोटा फेकायला काय अक्कल लागते? काठीचा ठोसा बसला की निघाला. अक्कल लागते ती पेटीत थांबवायला. नीट दाबून धरला न्हाय तर आपटून मागे येतो, धागा ढिला पडतो, लूम बंद!"

धोटा म्हणजे धागा घेऊन लूमच्या या टोकाच्या पेटीतून त्या टोकाच्या पेटीत पळणारा लाकडी तुकडा. त्याच्यावर बसवून या गृहस्थांनी पहिला आणि तिसरा नियम एका दमात सांगून टाकला, तोही माझ्याहून सोपा करून. मला जरा रागच आला, खोटं कशाला बोलू?

दुसराही राग होता. मी फळ्याकडे तोंड करून काही विचारलं की हे गप्प. मला वाटलं, माणूस आढ्यतेखोर आहे. मग एकदा त्यांच्या बायकोने, अतियाभाभींनी, मला बाजूला घेतलं.

"कान गेलेत त्यांचे. सात वर्षं झाली. कुणाला बोलू नका हां बाई. जॉबर लूमचा आवाज ऐकून बिघाड सांगतो. बहिऱ्याला ड्युटी कोण देणार? हे लूमवर हात ठेवून ओळखतात, आणि माणसाचं तोंड बघून."

मला माझीच लाज वाटली. त्यानंतर मी त्यांच्याकडे तोंड करूनच शिकवलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी शाळेच्या वऱ्हांड्यात इतर परीक्षार्थींबरोबर उभी होते. लतीफभाई आत होते, दार उघडं होतं. तरुण परीक्षक देवेश सर कागदात मान घालून म्हणाले, "चालत्या बसला ब्रेक लागला की उभा माणूस पुढे का जातो?"

लतीफभाई सरांचं तोंड दिसतं का बघायला वाकले. सरांनी पुन्हा विचारलं, मान खालीच. मग शून्य द्यायला पेन उचललं. खरं सांगितलं तर केंद्रातली नोकरी जाईल, नाही सांगितलं तर दहावी.

"साहेब, मुंडी वर करा! मला ऐकू येत न्हाय!"

वऱ्हांडा, जिना, खालचं मैदान, सगळीकडे ऐकू गेलं. सात वर्षं झाकलेली गोष्ट लतीफभाईंनी एका दमात अख्ख्या शाळेला सांगितली होती. देवेश सर ओशाळले आणि त्यांनी प्रश्न समोर बघून विचारला. मग धोटा निघाला! उत्तर इतकं खणखणीत, की बाहेरच्या नऊही जणांनी आत जाऊन धोट्याचंच उदाहरण दिलं. नवव्या मुलीला सरांनी विचारलं, "धोटा पाहिलायस का?" पोरगी म्हणाली, "नाही सर, ऐकलाय!"

लतीफभाई पास झाले. केंद्रात मुलाखतीला गेले, तेव्हा बहिरेपण त्यांनी स्वतःच आधी सांगितलं. तिथल्या साहेबांनी एक आजारी लूम चालू केला. लतीफभाईंनी त्यावर तळवा ठेवला आणि अर्ध्या मिनिटात दुखणं सांगितलं.

पहिल्या वर्गाला त्यांनी मला बोलावलं. "लूमवर हात ठेवा," ते पोरांना म्हणाले, "आणि माझ्याशी बोलताना मुंडी वर!"

मागच्या बाकावर बसून मी डोळे पुसत होते. मीही मुंडी वर केली.