आमच्या घराला अलार्म नव्हता

आमच्या ह्यांचा कशाकशावर विश्वास नाही हे सांगायला बसले तर दिवस मावळेल. दुधाचा आधी वास घेतील, मग चहात घालतील. लिफ्टमध्ये कोणी हसून बोललं की घरी येऊन मला विचारतील, ह्याला काय हवं असेल? दोह्यातली मराठी मंडळी त्यांना राजाभाऊ म्हणतात आणि जरा जपूनच बोलतात. हमद पोर्टवर माल हाताळणाऱ्या कंपनीत त्यांना नेटवर्कची राखण करायचं काम मिळालं, तेव्हा मी म्हटलं, देवाने एकदाची जोडी बरोबर जुळवली. संशय घ्यायचा पगार मिळू लागला.

काम सोपं सांगायचं तर असं, की कंपनीच्या कॉम्प्युटरांत कोणी चोरून शिरतंय का ते बघायचं. बाहेरून कोणी आत यायला लागलं की लगेच अलार्म वाजायचा. फक्त आमच्या घरच्या इंटरनेटला ह्यांनी सूट दिली होती. सुट्टीच्या दिवशी ह्यांना घरूनच आत शिरून बघावं लागे आणि स्वतःच्याच येण्याने अलार्म वाजला की चिडचिड व्हायची.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी, सुट्टी असताना, ग्राहकांना दिलेल्या दरांच्या फायली कोणीतरी उचलल्या. लॉगिन फुजैलचं होतं. फुजैल हैदराबादचा, मुशैरिबच्या ऑफिसात ह्यांच्या शेजारीच बसतो. अलार्म वाजला नव्हता. म्हणजे चोर बाहेरचा नाही, ऑफिसात बसलेला घरभेदी आहे, असं ह्यांनी ठरवलं आणि फुजैलचं नाव मॅनेजरला देऊन मोकळे झाले. त्याच्या पुढच्या आठवड्यात रविवारी त्याला काढायचं ठरलं. इथे नोकरी गेली की देशात राहणंही संपतं, आणि त्याच्या इनायाची दहावीची परीक्षा तोंडावर आली होती.

गुरुवारी संध्याकाळी फुजैल आमच्याकडे आला. चहाला त्याने हात लावला नाही. गावी जाताना काम अडू नये म्हणून पासवर्ड मिहीरला सांगून गेलो होतो, म्हणाला, नियमात बसत नाही पण सगळेच तसं करतात, एकदा मिहीरला विचारून तर बघा. मिहीर म्हणजे पुण्याहून वर्षाच्या करारावर ह्यांच्याच ऑफिसात आलेला मुलगा. दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला असायचा. हे एकदम तापले.

"उसको बीच में मत लाओ. वो घर का लड़का है."

फुजैल उठून गेला. मला ह्यांचा मनस्वी राग आला. फायली गेल्या कधी, मी विचारलं. जुम्म्याच्या नमाजाच्या वेळेला, हे म्हणाले.

"अहो, त्या वेळी फुजैल मशिदीत असतो. तुम्ही कधी त्याला तेव्हा फोन तरी लावता का?"

ह्यांनी लॅपटॉप उघडला. अलार्म नाही म्हणजे ऑफिसातलाच, एवढंच धरून बसले होते. कुठून कोण आलं ते पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. फायली आमच्या घरच्या इंटरनेटवरून गेल्या होत्या.

त्या शुक्रवारी त्या वेळी हे पूजेला बसलेले, मी स्वयंपाकघरात, आणि मिहीर हॉलमध्ये लॅपटॉप मांडून. ऑफिसचं थोडं उरलंय काकू, असं म्हणायचा. वायफायचा पासवर्ड ह्यांनीच कौतुकाने घालून दिला होता.

आता खरं सांगावं तर पहिला संशय आमच्यावरच येणार, आणि गप्प बसावं तर फुजैल जाणार. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मला ह्यांचा संशय आला, की हे गप्प बसतील.

शुक्रवारी मिहीर आला. ह्यांनी त्याला नेहमीसारखं आग्रह करून जेवू घातलं आणि हात धुतल्यावर विचारलं. आधी तो नाहीच म्हणाला. मग स्क्रीन दाखवल्यावर रडायला लागला. करार संपत आला होता, दुसरी कंपनी नोकरी देत होती, तिला ते दर हवे होते.

"काका, तुमच्या घरावर कोण संशय घेणार, असं वाटलं मला," तो म्हणाला.

हे त्याला घेऊन तसेच मॅनेजरच्या घरी गेले. मिहीरला पुण्याला परत पाठवलं. फुजैलची नोकरी राहिली. ह्यांच्याकडून मात्र राखणीचं काम काढून घेतलं, आणि त्याबद्दल हे एका शब्दाने कुरकुरले नाहीत.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं फुजैलकडे माफी मागायला गेलो. त्याने आदराने बसवलं, इनायाने खजूर आणून ठेवले. ह्यांनी हात जोडले. फुजैल शांतपणे म्हणाला, "भाईसाहब, आपने मशीन की मानी, उस वक़्त लड़के को तो पूछा तक नहीं. मैं ख़ुद चलकर आपके घर आया था. मेरी क्यों नहीं मानी?"

ह्यांनी जोडलेले हात खाली घेतले. उत्तर मला ठाऊक होतं, 'घर का लड़का' म्हणतानाच ह्यांनी ते दिलं होतं, पण त्या मुलीसमोर ते उच्चारायची माझी हिंमत झाली नाही.