डबल ब्रेक

भुताखेतांच्या गोष्टी मी हसण्यावारी नेणारी बाई. आजही नेते. फक्त लातूरचा तो एक प्रसंग सोडून…

माझे बाबा नांदेडात ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. त्यांच्या जुन्या गाडीला डबल ब्रेक होता – शेजारच्या सीटवर बसून शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरं पेडल. त्यांनी ते दाबलं की आपल्या पायाखालचं पेडलही खाली जायचं. शिकताना हदगाव रोडवर मी घाबरले की बाबा थोडं थोडं दाबत गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, "काही झालं न्हाई पोरी. चल, चहा घेऊ." स्कूल बंद केल्यावर त्यांनी ते दुसरं पेडल काढून टाकलं. पुढे बाबाही गेले. गाडी माझ्याकडे आली.

मागच्या उन्हाळ्यात लातूरजवळच्या एका खासगी ट्रॅकवर हौशी लोकांसाठी ट्रॅक डे होता, म्हणजे आपापली गाडी ट्रॅकवर पळवून बघायचा दिवस. माझी मैत्रीण रिहाना – तीही बाबांकडेच शिकलेली – मला ओढून घेऊन गेली.

भर दुपारची वेळ. काही राउंड मस्त झाले. मग ब्रेक जरा मऊ लागला. एवढा राउंड संपवू, म्हटलं… आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला तर पेडल थेट तळाला. समोर वळण, पलीकडे दगडी बांध. मला काही सुचेना. पाय सैल सोडला तसं पेडल वर आलं; पाय नुसता त्यावर टेकलेला.

आणि पेडल माझ्या पायाखालून खाली गेलं. वर आलं. परत खाली… अजिबात घाई न करता. होता होता त्यात जोर आला आणि गाडी बांधाच्या अलीकडे थांबली.

मागे सरळ पट्ट्याच्या कडेला उभी असलेली रिहाना धावत आली. "चांगलं पंप केलंस गं. ब्रेकलाईट लागायची, जायची… मी बघून राहिले होते."

"मी न्हाई केलं."

तिनं वाकून शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी बघितलं.

गाडी थंड झाल्यावर आम्ही चारही चाकं तपासली. गळती कुठेच नाही, ब्रेक ऑइलची पातळी बरोबर, पेडल पुन्हा कडक. म्हणजे जुनं ऑइल तापून उकळलं होतं, आत वाफ धरली होती. पेडल मऊ का झालं, ते कळलं. पंप कुणी केलं, ते नाही. नवरा म्हणतो, घाबरल्यावर पाय आपोआप चालतो. चालत असेल. पण आपण पेडल दाबणं आणि पेडलनं पायाखालून निघून जाणं, यातला फरक मला पक्का ठाऊक आहे.

लातुरात ऑइल बदलून संध्याकाळी नांदेडला निघालो. एरवी माझ्या शेजारी बसून अखंड बडबडणारी रिहाना पुढची सीट रिकामी सोडून मागच्या सीटवर जाऊन बसली. का, ते मी विचारलं नाही.