अबोलीच्या रंगाचं रबर

केसांचं रबर विणणं सोपं, असं वहिनी म्हणायची. बाजारातलं जाड काळं रबर घ्यायचं, त्याला दोऱ्याची गाठ मारायची, क्रोशाची सुई रबराच्या आतून घालून दोरा ओढायचा आणि रबर दिसेनासं होईपर्यंत टाके घालत गोल फिरायचं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात तीन-तीन खांब. खांब म्हणजे उंच टाका. एका जागेत तिघांना कोंबलं की सरळ उभं राहता येत नाही, सगळे वळतात आणि झालर आपोआप पडते. कोणालाही तासाभरात येतं म्हणे. मला पंधरा दिवस लागले, आणि मी अकरावी सायन्सला होते.

पहिलं रबर इतकं घट्ट झालं की ताणेचना. वहिनीने ते बोटात घालून फिरवलं. "ही चुंबळ कोणाची गो? उंदराची?" पाण्याचा हंडा डोक्यावर घेताना खाली ठेवतात ती चुंबळ. मी दिवसभर फुरंगटून बसले.

दुसरं सैल झालं, पण माझी एक खोड जाईना. फेरी संपत आली की मला घाई सुटायची आणि शेवटचा टाका न घालताच मी टोकं जोडून टाकायचे. तिथे फट राहायची, आतलं काळं रबर डोकावायचं. "शेवटचो टाको चुकवतंस," वहिनी म्हणायची आणि सगळं उसवायची. पडवीत काजूच्या बिया निवडणारी आई तिकडून सूर लावायची, "तिचा सगळ्या कामात तसाच. भांडी घासल्यान तरी एक टोप रवताच." वहिनी हसायची, दादाही हसायचा. घरात चारच माणसं होती. मी रांगत होते तेव्हाच बाबा गेले होते.

मी बारावीत गेले आणि त्याच पावसात, भाताच्या लावणीत, दादाला ताप आला. कणकवलीला नेला, पाच दिवसांत गेला. वहिनी तेव्हा तेवीस वर्षांची होती.

लग्न होऊन आली तेव्हा देवगडकडच्या माहेराहून तिने अबोलीचं रोप पिशवीत घालून आणलं होतं. खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला लावलेलं ते वर्षभरात फोफावलं. रोज संध्याकाळी ती त्याच्या फुलांचा वळेसर करून माळायची. दादा गेल्यावर रोप कोणी उपटलं नाही, पण फुलांना कोणी हातही लावला नाही. ती झाडावरच सुकायची. वहिनी खळं झाडताना त्या कोपऱ्याकडे पाठ करून झाडायची. मला त्या झाडाचा राग यायचा. फुलायची काय गरज होती त्याला?

दिवाळीनंतर शेजारच्या कट्टा गावातल्या शिवणवर्गाच्या बाई घरी आल्या. मुलींना क्रोशा शिकवायला वहिनीला पाठवा म्हणाल्या. आई नाही म्हणेल असं वाटलं होतं. पण टीव्हीवरचं झाकण, दारावरचं तोरण, सगळं वहिनीच्या हातचं होतं आणि आल्यागेल्याला ते दाखवताना आईच्या तोंडाला खळ नसायचा. ती हो म्हणाली. मंगळवार आणि शुक्रवार, चार-चार तास. त्या दिवशी वहिनी एसटीतून उतरून यायची तेव्हा तिचा आवाज जरा मोठा झालेला असायचा. तिला उरलं होतं काय ते एवढंच.

बारावीची परीक्षा झाली आणि मला काहीतरी चांगलं करायची हुक्की आली. कट्ट्याच्या दुकानात अबोलीच्या रंगाचा दोरा मिळाला. मी वहिनीसाठी रबर विणलं, दुहेरी झालर घालून. फूल नव्हे, दोराच तो. दोऱ्याला कोण काय म्हणणार, असं माझं शहाणपण. वहिनीने ते हातात घेतलं, बराच वेळ बघितलं. फट तिला दिसली असणारच, पण त्या दिवशी तिने उसवलं नाही. शुक्रवारी जाताना तिने ते अंबाड्याला लावलं.

आई खळ्यात बिया वाळत घालत होती. मी पडवीत तांदूळ निवडत होते. वहिनी पायरी उतरून बेड्याकडे, म्हणजे कुंपणाच्या फाटकाकडे, निघाली आणि पाठीमागून आईला ते दिसलं.

"थांब. फुलां माळलंस?"

"नाय आई. दोरो आसा."

आईने जवळ जाऊन ते ओढूनच काढलं. अंबाडा सुटला. आईने रबर उलटंपालटं केलं, बोट फिरवलं.

"ह्या तुझ्या हातचा न्हय. तुझे टाके असे वाकडे नसतत. कोणी दिल्यान?"

वहिनीने एकदाच माझ्याकडे बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं, आई, मी केलं. पण मला जूनमध्ये कणकवलीच्या कॉलेजात जायचं होतं. आई आधीच कां-कू करत होती, आणि तिचा राग मला ठाऊक होता. मूग गिळून मी तांदळात खडे शोधत राहिले.

"बाजारात घेतलंय," वहिनी म्हणाली.

"कोणाक दाखवूक नटतंस गो? वरीस सरूक नाय अजून. मी सत्तावीस वर्सांची होतंय तेव्हा फुलां सोडलंय. माझा काय अडला?"

 वहिनी सुटलेल्या केसांनी तशीच उभी राहिली.

"आजपासून कट्ट्याक जावचा नाय."

एसटी निघून गेल्याचा आवाज आम्ही तिघींनी ऐकला. अशा रीतीने तिचा कट्टा गेला आणि माझी कणकवली राहिली. तिने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. पावसाआधी तिचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. जाताना तिने क्रोशाची सुई माझ्या पुस्तकांवर ठेवली. भावाच्या घरी तिला एक खोली मिळाली आणि आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरायचं काम, एवढं कळलं. पुढे तेही कळेनासं झालं. मी पत्र लिहायला घेतलं की पहिल्या ओळीलाच अडायचे.

नऊ वर्षांनी मे महिन्यात मी माझ्या मुलीला घेऊन घरी आले. आईची नजर जवळजवळ गेली होती. अबोलीचं रोप केव्हाच मेलं होतं. मुलीच्या केसांसाठी मी पडवीत बसून रबर विणलं, निळं. आईने हात पुढे केला म्हणून तिला दिलं. ती झालरीवरून अंगठा फिरवत गेली आणि एका जागी थांबली.

"अजून शेवटचो टाको सोडतंस."

मी बघितलं. फट होती.

"तेवाचा पण असाच होता," आई म्हणाली.

मी सुई खाली ठेवली. "तुका ठावक होतां?"

"हातात घेतलंय तेवाच कळला."

"मगे तेवा बोललंस कित्याक नाय? तिका कित्याक घालवलंस?"

आई रबर बोटांत फिरवत राहिली. "तू सांगशीत म्हणान थांबलंय. तू उठान सांगितलंस असतंस तर तिका पुढल्या मंगळवारी धाडतलंय होतंय. दुपारच्या जेवणापर्यंत वाट बघितलंय तुझी."

त्या दुपारी मी जेवले होते. कुळथाची पिठी होती, आणि मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला होता.