नानांचे बारा कागद

नाना बॅण्डमास्तर सरगमच्या कागदावर वाद्याचं नाव कधी लिहीत नसत, वाजवणाऱ्याचं लिहीत. ‘ट्रम्पेट’ नाही, ‘भिकन आबा’. कारण विचारलं तर म्हणत, “वाद्य दुकानमा भेटस, ताई. माणूस नही भेटस.”

धरणगावात त्यांचा, स्वतः नाना धरून, बारा जणांचा बॅण्ड. नवं गाणं आलं की नाना ज्याच्या त्याच्या वाद्याप्रमाणे बारा कागद हाताने लिहायचे. मोतीबिंदू वाढल्यावर ते जमेना. नातीचा दाखला घ्यायला ते जळगावला आमच्या शाळेच्या ऑफिसात आले, तेव्हा मी एका कमांडवर चाळीस दाखले छापत होते. साचा एक, नावांची यादी एक. बाकीचं मी लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, करते. नाना चष्मा पुसून बघत राहिले.

“हाई मन्हा सा-रे-गले चाली का?”

दोन रविवार गेले. नानांच्या स्वतःच्या कागदावरून मी गाणं एकदाच टाइप केलं, बारा नावांची आणि त्यांच्या वाद्यांची यादी जोडली, आणि मोठ्या अक्षरांत बारा कागद निघाले. मात्रा मोजल्या, ओळी ताडल्या, पानांवर बरोबरच्या खुणा केल्या. चूक नव्हती.

तालमीत भिकन आबा तिसऱ्या ओळीत अडकले. वरच्या सा वर दम संपला, सूर फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. ढोलवाला हसला. सत्तरीचे आबा ट्रम्पेट मांडीवर ठेवून म्हणाले, “आते बस व्हयनं. दुसरा माणूस देखा, नाना.”

“माणूस कसाले? कागद चुकना,” नाना म्हणाले. “ताईना मशीननी चूक शे.”

मला राग आला. खुणा केलेली पानं घेऊनच मी नानांना अंगणात गाठलं. ते आवाज खाली आणून म्हणाले, “तीन वरीस व्हयनात. आबाना कागदवरथून वरना सा मी काढी टाकस. तठे मी क्लॅरिनेट वाजाडस. त्याले माहीत नही. बॅण्ड सुटना ते आबा घरमा बठी मरी जाई.”

“मग मला आधी सांगायचं ना.”

“तुमनी यादीमा तेना रकाना कोठे व्हता?”

घरी येऊन मी यादीत रकाना वाढवला: ‘वरचा सा कोण?’ आबांच्या ओळीत लिहिलं, ‘नाना’. पुढच्या तालमीला आबांच्या कागदावर तेवढ्या जागा कोऱ्या निघाल्या आणि आबांनी गाणं शेवटापर्यंत नेलं.

“मशीन सुधरनं,” आबा म्हणाले.

“ताईले दोन शब्द सुनावना पडनात,” नाना म्हणाले, माझ्याकडे न बघता.

मागच्या थंडीत नाना झोपेतच गेले. लग्नसराईच्या तोंडावर मी यादी उघडली आणि त्यांची ओळ काढली. स्क्रिप्ट थांबली: भिकन आबांच्या ओळीतला ‘नाना’ सापडत नाही. आबांनाच फोन केला आणि त्यांना काही कळू नये म्हणून एवढंच विचारलं, “नानांच्या जागी क्लॅरिनेटवर आता कोण?”

“गोविंद शे ना, दुसरा क्लॅरिनेटवाला. त्या वरना सा त्यालेच द्या.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“माले पयलेपासून माहीत व्हतं, ताई. नानाले वाटे, माले माहीत नही. मी वाटू दिधं.”

रकान्यात गोविंदचं नाव लिहिलं. मग नानांची ओळ परत घातली आणि स्क्रिप्टने ती वगळावी म्हणून तिच्या आधी खूण केली. यादीत आजही बारा नावं आहेत. कागद अकरा निघतात.