पार्सलं टुंई करीनात

चहाचा घोट आधी गिळा, मग सांगते. मी जो घोळ घातला तो ऐकताना आमच्या जाऊबाईंच्या नाकातून चहा आला होता.

मी घरी मालवणी मसाला करते. दिवाळीआधी मुंबईच्या एका ऑफिसने भेट म्हणून मोठी ऑर्डर दिली, प्रत्येकाच्या घरी वेगळं पार्सल. माझी पहिलीच मोठी ऑर्डर! वेळेत पोचली नाही तर पुन्हा कोण विचारणार? पोस्टाने बारकोडाचे नंबर दिले आणि लेबलं तुम्हीच छापून आणा म्हणून सांगितलं. वर्डमध्ये पत्ते टाइप केले, नंबरांना बारकोडचा फॉन्ट दिला, आणि आकड्यांच्या झाल्या की हो काळ्या पट्ट्या!

लेबलं चिकटवली. पहिली ऑर्डर, तेव्हा पार्सलांना हळद-कुंकू आलंच. चांगलं बोटभर, तेलात कालवून, म्हणजे वाटेत पुसायला नको. तेही विचार करून लावलं बरं का. पत्त्यावर लावलं तर पोस्टमन वाचणार कसा? म्हणून पट्ट्यांवर लावलं. पट्ट्या काय, कोण वाचतंय!

पोस्टाच्या खिडकीवर आमचे बावतीस मास्तर. गावातलेच, ख्रिस्ती, बोलायला मऊ. त्यांनी यंत्राचा लाल उजेड पार्सलावर धरला. टुंई वाजायला हवं. यंत्र गप्प. दुसरं पार्सल घेतलं, तेही गप्प. मास्तरांनी पार्सलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला गेले आणि नुसतेच खाकरले.

मला वाटलं, पट्ट्या बारीक झाल्या. सगळी पार्सलं उचलून रिक्षा करून घरी आले. पट्ट्या मोठ्या करून छापल्या, जुन्या लेबलांवर चिकटवल्या, आणि पुन्हा हळद-कुंकू. नव्या लेबलाला नको?

दारात जाऊबाई उभ्याच. "पार्सलां पोचवलंस काय फिरवून परत घरी हाडलंस गो?"

परत पोस्टात. यंत्र गप्पच. टपालाची गाडी यायची वेळ झालेली, मागे रांग, आणि मसाल्यामुळे रांगेत शिंकांवर शिंका. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मास्तर, मसाल्याचो झणको तुमच्या मशिनाक बाधता."

मास्तरांनी मान खाली घातली. "वैनी, एखादा कोरा लेबल आसा? काय एक न लावलेला?"

सगळ्या लेबलांची जादा प्रत पिशवीत होतीच. त्यांनी कागदावर उजेड धरला. टुंई!

बघा, म्हटलं ना, मसाल्याचंच! मी आनंदाने तिथेच लेबल कापून पार्सलावर चिकटवलं, पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि बोट बुडवलं.

"वैनी," मास्तर हळूच म्हणाले, "थंय नको."

"कित्याक?"

"पट्ट्यांवरचा कुंकू माका मगाशीच दिसला. पण देवाधर्माचा काम, तुमका राग येयत म्हणान गप रवलंय. मी पडलंय किरिस्तांव."

आता सांगा, कुठे तोंड लपवू? रांगेतल्या बायका शिंकत शिंकत पुढे झाल्या, कोणी कापलं, कोणी चिकटवलं. टुंई, टुंई, टुंई! गाडी यायच्या आत सगळी पार्सलं थैल्यांत गेली.

माझे डोळे भरून आले. त्या बिचाऱ्या यंत्राला मी उगाच नावं ठेवली होती! बोटाला कुंकू अजून तसंच होतं. खिडकीतून हात आत घातला, यंत्राला टिळा लावला आणि मनापासून नमस्कार केला.

कुठे लावला? जिथून तो लाल उजेड येतो ना, बरोबर त्या काचेवर.

माझ्यामागच्या काकांनी आपलं पाकीट पुढे केलं. मास्तरांनी यंत्र धरलं.

यंत्र गप्प. रांगेतल्या शिंकासुद्धा गप्प.