वयनी झोपली, अर्धा स्टार

सगळ्यात आधी आली ती कवटीवाली.

आज बाळूचं तेरावं. बाळू म्हनजे माझा धाकटा दीर. भटजी अजून यायचे होते, आनि दारात ही उभी. काळा टी-शर्ट, त्यावर ही एवढी कवटी.

माझी ननंद कमल कानाशी आली. "वयनी, मयताच्या घरी कवटी घालून कोन येतं गो?"

मी म्हटलं, बाळूचंच कोनीतरी असनार. त्याच्याकडे तसलेच टी-शर्ट. मीच धुतलेत. दोरीवर टाकले की शेजारीन पोराला घेऊन लांबून जायची.

त्या बाईने चपला काढल्या. फोटोकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"तुम्हीच वयनी ना?"

मागून आनखी सात जन आले. खारघरच्या टॉवरमधले, एक कळंबोलीचा. सगळ्यांचं तेच. तुम्हीच वयनी?

मला वाटलं मी कोन एवढी मोठी लागून गेले.

मी चौथीपर्यंत शिकलेली. हे मी बोलते आनि नात सायली टाईप करते. तिला सांगितलंय, सुधारू नको.

तर बाळू.

मी लग्न होऊन बेलपाड्यात आले तेव्हा सहा वर्षांचा होता. शेंबडा. सासू लवकर गेली, माझ्याच हाताखाली मोठा झाला. लग्न केलं नाय. दिवसा लोखंड बाजारात वजनकाट्यावर, बाकीचा वेळ इंग्लिश गानी आनि पिच्चर.

मोठा पिच्चर लागला की शुक्रवारी पहिला शो. सोबत मी. का, तर म्हने एकट्याला कंटाळा येतो.

खोटारडा.

तो फेसबुकवर लिहितो हे माहीत होतं. काय लिहितो ते आज कळलं. कवटीवालीचं नाव श्वेता, बँकेत कामाला हाय. तिने मोबाईलवरून वाचून दाखवलं.

"गाड्या उडाल्या, इमारती पडल्या, पृथ्वी वाचली. वयनी इंटरव्हलच्या आधी झोपली. दोन स्टार."

"हिरो पन्नाशीचा, जातो कॉलेजात. वयनी म्हणाली, ह्याची सून शोधायची वेळ झाली. दीड स्टार."

गान्यांचं पन तेच. मी कोळंबी सोलत बसले की हा स्पीकर आनून बाजूला ठेवायचा. मला वाटायचं सोबत करतो.

"ह्या बँडचा आधीचा अल्बम खरा होता. ह्यात नुसते केस वाढवलेत. तिसऱ्या गाण्याला वयनीने मिक्सर लावला. एक स्टार."

पाच स्टार एकदाच दिलेत. खाली एवढंच, "वयनी रडली."

ही मानसं म्हने माझ्या झोपेवर तिकिटं काढायची.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. तेराव्याच्या दिवशी बरं वाटलं. कमल बघत होती म्हनून तोंडाला पदर लावला.

मग श्वेता म्हनाली, बाळूदादाचं सगळं लिहिलेलं एकत्र करून आम्ही पुस्तक काढतोय. जसंच्या तसं. तो कधी खोटं लिहायचा नाही.

आनि त्याचं शेवटचं लिहिलेलं वाचलं.

"एवढा गाजावाजा केलेला पिच्चर. वयनी नावांची पाटी पडल्यापासून झोपली ती दिवे लागेपर्यंत. अर्धा स्टार. जाऊ नका."

माझ्या हातात पान्याचा तांब्या होता. तो तसाच धरून उभी राहिले.

मी झोपले नव्हते.

डॉक्टरने थेटरात जायला नको सांगितलेलं, ह्याला दम लागायचा. पन शुक्रवार आला, हा ऐकतोय कुठे. पडद्यावर धाडधाड चाललेलं आनि बाजूला ह्याचा श्वास. ओढून घ्यायचा. मधेच अडायचा. त्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हनून मी डोळे मिटले. डोळे मिटले की कान लागतो.

घेतला. सोडला. आता पुढचा.

पूर्न पिच्चरभर मी तेच ऐकत बसले. पडद्यावर काय झालं मला ठाऊक नाय. चांगला असेल. वाईट असेल.

येताना रिक्षात म्हनाला, "काय वयनी, लय झोप लागली?"

मी म्हटलं, "हो रे. भंगार होता."

दुसरं काय सांगनार होते त्याला?

हे सगळं मी त्या आठ जनांना सांगितलं. मग कळंबोलीचा गनेश म्हनाला, "वयनी, राहू दे ना. कुणाला कळतंय?"

मी म्हटलं, "मला कळतंय. त्याचं शेवटचं लिहिनं खोटं हाय, आनि ते माझ्यामुळे. तसं छापायचं नाय."

श्वेताने मोबाईलवर त्याचं एक जुनं लिहिलेलं काढलं. म्हनाली, एकदा तुम्ही झोपला नव्हतात, नुसता चष्मा पुसत होतात, म्हणून त्याने मागाहून स्टार वाढवून दिलेला.

असा होता तो.

शेवटी ठरलं. ती लोकं लॅपटॉपवर तो पिच्चर घेऊन येनार. मला समोर बसवनार. मी जागी राहिले तर जागी, झोपले तर झोपले, जे होईल ते बाळूच्या लिहिन्याखाली छापायचं. मी म्हटलं, जेवायलाच या. तेरावं झालं, आता कोळंबी चालते.

निघताना श्वेताने मला मिठी मारली. कवटीसकट.

कमल म्हनते, तू अजून रडली नाय, मोकळी हो. मला येत नाय रडायला. तेराव्याचे लाडू वळले, भांडी वाटली, तेरा दिवस कोन आलं कोन नाय बघितलं. आत हात घातला तर काय लागतच नाय.

पिच्चर मारामारीचा हाय म्हने. रडन्यासारखं काय नाय त्यात.

बघू.

बाळू, तू धाकटा. तुला हात जोडायची आपल्यात पद्धत नाय. तरी आज जोडले.

ती लोकं येत्या रविवारी येतो म्हनालीत. चार वाजता.